संरक्षित स्मारक

एखादी जुनी वास्तू, लेणे, शिलालेख, थडगे किंवा पोटात अवशेष असलेली जमीन राजपत्रातील अधिसूचनेने कायद्याच्या कक्षेत आणली, की तिला संरक्षित स्मारक म्हणतात. वास्तू कितीही जुनी वा देखणी असो, अधिसूचना निघेपर्यंत ती या अर्थाने संरक्षित नसते. महाराष्ट्रातल्या शेकडो किल्ल्यांपैकी बरेचसे आणि गावोगावच्या पारांना टेकून उभे असलेले बहुतेक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, कोणत्याच स्मारकयादीत नाहीत.

याद्या मुख्यतः दोन. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. देशभरात त्यांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक आहे. बाकीची त्या त्या राज्याकडे; महाराष्ट्रात ती पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय सांभाळते. ही वाटणी किल्ल्याच्या लौकिकावरून ठरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी केंद्राकडे आहेत. राजगड, साल्हेर, खांदेरी आणि प्रतापगड राज्याकडे. राजगड राज्याच्या यादीत आहे म्हणून त्याचे मोल रायगडापेक्षा कमी ठरत नाही.

या व्यवस्थेची सुरुवात इंग्रजी अमदानीत झाली. पुरातत्त्व सर्वेक्षण १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर आला तो प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८. त्यानुसार वास्तू किंवा स्थळ किमान शंभर वर्षे जुने असावे लागते. सरकार आधी दोन महिन्यांची जाहीर सूचना देते, हरकती ऐकते आणि मग अंतिम अधिसूचना काढते. मालकी मात्र आपोआप सरकारजमा होत नाही. खाजगी वास्तूही संरक्षित असू शकते; तिथे मालकाशी करार होतो किंवा तो लेखी दस्ताने पालकत्व सोपवतो.

लोकांना कायदा भेटतो तो मात्र स्मारकाबाहेर. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा आणखी २०० मीटरचा पट्टा विनियमित ठरला. पहिल्यात नवे बांधकाम होत नाही, जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. दुसऱ्यात परवानगीशिवाय बांधता येत नाही. मोजणी सुरू होते ती संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून, वास्तूच्या भिंतीपासूनच असे नाही. त्यामुळे स्मारक किती मोठे यापेक्षा हद्दीची रेघ कुठे आखली यावर शेजाऱ्यांचे नशीब ठरते. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास याच नियमाने अडला आहे. वाडा पडायला आलेला, भाडेकरू आत, आणि नवी इमारत उभी करता येत नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार जुनी आहे. पन्हाळ्यावर तर तटाच्या आतच नगरपरिषद, घरे आणि बाजार. सगळीकडे एकच १०० मीटर लावणे सोयीचे आहे, न्याय्य आहेच असे नाही. रानातल्या एकाकी लेण्याला आणि भर पेठेतल्या वाड्याला एकाच मापाने मोजता येत नाही. स्मारकनिहाय उपविधी, म्हणजे त्या त्या स्मारकापुरते वेगळे नियम, करण्याची तरतूद याच दुरुस्तीत आहे, पण तिची गती मंद राहिली.

पूजेअर्चेचा प्रश्नही इथे नेहमी निघतो. संरक्षण मिळाले म्हणून नांदते देवस्थान बंद होत नाही: अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिरात आजही पूजा होते, जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकात प्रार्थना होते.

खरा खटका उडतो तो ‘जीर्णोद्धार’ या शब्दाशी. देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे पुण्यकर्म, आणि त्यात जुने काढून नवे घालणे आलेच. पुरातत्त्वाचे तत्त्व नेमके उलटे आहे: जे आहे ते टिकवायचे, नवे शक्य तितके कमी. ढासळलेल्या बुरुजावर हौसेने थापलेले सिमेंट चुन्याच्या जुन्या बांधकामाशी जुळत नाही. ते ओल बाहेर पडू देत नाही, आणि शेवटी जुना दगडच फुटतो. कोरीव शिल्पावर चढवलेला ऑइलपेंट काढताना दगडाचा पापुद्रा निघू शकतो. गडावर श्रमदानाला येणाऱ्या मंडळांची तळमळ खरी असते, तरी त्यांना परवानगी का घ्यावी लागते याचे उत्तर या सिमेंटात आहे.

सर्वांत दुबळी असतात ती पुरातत्त्वीय स्थळे, कारण तिथे पाहण्यासारखे काही नसते. महाराष्ट्रात जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात. माणसांच्या राबत्याने, राखेने, शेणाने पांढुरकी झालेली ही माती शेतात घालायला चांगली, म्हणून गाड्या भरभरून नेली गेली आणि तिच्यासोबत खापरे, चुली, घरांच्या जमिनीही गेल्या. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले ते उत्खननात नव्हे, तर झाडाची मुळे खणताना. दायमाबादला निदान पुढे रीतसर उत्खनन झाले. अनेक पांढरींची साधी नोंदही झाली नाही.

स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १९५८ च्या मूळ कायद्यात हेच तीन महिने आणि पाच हजार रुपये होते. भिंतीवर नाव कोरणे त्यातच मोडते. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेले नाव आता स्वतःच इतिहासाचा भाग झाले आहे. त्याच्या शेजारी आज कोणी बदाम कोरला तर तो गुन्हा.

यादीत असूनही स्मारक हरवू शकते. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या तपासणीत ९२ संरक्षित स्मारके जागेवर आढळली नाहीत. त्यांतली काही पुढे सापडली, काही शहरांच्या वाढीत गडप झाली, काही धरणांखाली गेली. २०२४ मध्ये केंद्राने १८ स्मारके यादीतून वगळायला घेतली. हरियाणातील मुजेसरचा कोस मिनार (जुन्या रस्त्यावरचा अंतर दाखवणारा मनोरा) आणि दिल्लीतील बाराखंबा दफनभूमी ही त्यांतलीच.