भातातले एक जनुक बंद पाडण्यामागची वाटचाल

४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित (स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या) भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला 'पुसा डीएसटी राईस १' खारवट आणि चोपण (सोडियम साचून घट्ट झालेल्या) जमिनींसाठी आहे. त्यात भाताचेच एक जनुक बंद पाडले आहे. ताण सोसणाऱ्या पिकांच्या संशोधनाची सुरुवात मात्र बाहेरचे जनुक घालण्यापासून झाली होती.

१९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी डीआरईबी१ए या जनुकावरचा, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. हे जनुक एखाद्या मुख्य कळीसारखे चालते: ते चालू झाले की ताण सोसायला लागणारी कितीतरी जनुके एकदम कामाला लागतात. ही कळ सतत चालू ठेवल्यावर रोपांनी दुष्काळ, क्षार आणि थंडी सोसली, पण ती खुजी राहिली. पाणी भरपूर असतानाही त्यांची शक्ती बचावातच खर्ची पडत होती. मग ताण आल्यावरच कळ दाबली जाईल असा आरडी२९ए हा प्रवर्तक (जनुक केव्हा चालू व्हावे हे ठरवणारा डीएनएचा तुकडा) लावला आणि वाढ बरीच सुधारली. हीच जोडी पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत आपल्या जळगावच्या जेएल-२४ भुईमुगात घातली गेली. काही वाणओळींनी पाणी काटकसरीने वापरलेही, पण ते बियाणे शेतकऱ्याच्या हाती आले नाही.

क्षाराचा मार दुहेरी असतो. जमिनीतल्या पाण्यात मीठ वाढले की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. नंतर सोडियम पानांत साठतो आणि जुन्या पानांचे शेंडे करपतात. पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काची विद्युत वाहकता (मीठ जास्त तशी ती जास्त) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. भाताचे उत्पादन ३ च्या पुढेच घटू लागते. भात सर्वांत नाजूक असतो तो रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात. केरळच्या पोक्कली भातातला 'सॉल्टोल' हा गुणसूत्राचा तुकडा संकरातून अनेक वाणांत आणला गेला, पण त्याचा आधार मुख्यतः रोपावस्थेपुरता आहे. प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात तग धरलेले रोप शेतात दाणे भरताना मार खाते, त्याचे एक मोठे कारण हेच.

पुसाच्या वाणात बंद पाडलेल्या भाताच्या डीएसटी जनुकाची ओळख २००९ मध्ये चीनमध्ये पटली. हे जनुक हायड्रोजन पेरॉक्साइड कमी ठेवते, त्यामुळे पर्णरंध्रे (पानांवरची बारीक छिद्रे) उघडी राहतात. ते बंद पाडले की पेरॉक्साइड साठते, रंध्रे मिटतात आणि पाण्याची वाफ कमी उडते. पाण्याबरोबर वर चढणारा सोडियमही कमी होतो. एकाच बदलातून दुष्काळ आणि क्षार दोन्हींना उत्तर मिळते, ही या जनुकाची खरी किंमत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू-१०१० या लोकप्रिय वाणात क्रिस्पर-कॅस९ या जनुके कापणाऱ्या कात्रीने दोन ठिकाणी काप घेऊन या जनुकातला मधला ३६६ डीएनए-अक्षरांचा तुकडा काढला. पाने रुंद झाली, रंध्रे विरळ झाली. मग पुढच्या पिढ्यांतून कॅस९चे बाहेरून घातलेले जनुक नसलेली रोपे निवडणे भाग होते, कारण मार्च २०२२ मध्ये मिळालेली जनुकबदल पिकांच्या नियमांतली सूट बाहेरचे जनुक न उरलेल्या रोपांनाच आहे.

जमिनीतले मीठ मात्र या बियाण्याने निघत नाही. चोपण जमिनीला जिप्सम आणि निचरा लागतोच. कोकणात खारबंदिस्तीचा बांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले तर त्याची वाहकता ४५ ते ५० असते. तिथे आधी बांध दुरुस्त करून पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन काढावी लागते, पेरणी त्यानंतर.