धुराने थंडी अडते का? निफाडचा गारठा आणि बांबूचे बेट

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातमीत येतोच. सोबत फोटो असतो तो धुराने भरलेल्या द्राक्षबागेचा. 2018 च्या डिसेंबरात तर तिथे पारा 2 अंशांच्याही खाली उतरला होता. आता बांधावर बांबू लावणारेही द्राक्षवाल्यांचे पाहून बेटाभोवती ओला पालापाचोळा धुमसत ठेवतात. धूर साचला की थंडी अडते, हा समज पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे.

उत्तरेचे वारे थंडी आणतात हे खरे, पण पानावरचे दव गोठते ते वारा पडलेल्या, निरभ्र आणि कोरड्या रात्री. प्रत्येक वस्तू आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात सतत बाहेर टाकत असते. 10 अंशांवरचे पान दर चौरस मीटरला सुमारे 360 वॅट आकाशाकडे फेकते. आकाशही काही परत देते, पण हवा कोरडी आणि ढग नसले की हिशेबात 80 ते 100 वॅटची तूट राहते. जमिनीकडे दिवसभराची उष्णता साठलेली असते, ती तूट सोसते. कागदाइतक्या पातळ पानाकडे साठा कसला? ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पेटीच्या सावलीत असतो. म्हणून तो 3-4 अंश दाखवत असताना पानावर बर्फाचा पापुद्रा दिसू शकतो.

आता धुराकडे. पान जे किरण टाकते त्यांची तरंगलांबी साधारण 10 मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बऱ्याच अवरक्त किरणांना अडवतात, पण 8 ते 13 मायक्रॉनच्या पट्ट्यात ही दोघे जवळपास हतबल असतात. उष्णता निसटते ती मुख्यतः याच खिडकीतून. ढगातले पाण्याचे थेंब सहसा 10 मायक्रॉनच्या घरातले, त्यामुळे ते ही खिडकी बंद करतात. ढगाळ रात्र गोधडीसारखी ऊबदार वाटते ती म्हणून. धुराचे कण मात्र बहुतेक 1 मायक्रॉनहून लहान. डोळ्यांना दिसणारा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनचा, तो या कणांवर विखुरतो, म्हणून आपल्याला धूर दाट दिसतो. दहा मायक्रॉनच्या किरणांना हा धूर जाणवतही नाही. शेकोटीत समिधा आणि तूप टाकले म्हणून तरंगलांबी बदलत नाही, आणि जुने टायर जाळले तर फक्त गावाची छाती भरते.

शेकोटीचा उपयोग होतो तो धुराचा नव्हे, आचेचा. त्यातही एक मोठा जाळ करण्यापेक्षा अनेक लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची गरम हवा थेट वर निघून जाते, लहानांची उष्णता पानांच्या उंचीवर रेंगाळते.

खरे काम पाणी करते. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही वीस-पंचवीस अंशांवर असते. प्रत्येक लिटर 20 अंशांनी थंड होताना 20 किलोकॅलरी सोडते. ओली माती दिवसा अधिक ऊन साठवते आणि रात्री खालची उष्णता वर चांगली पोचवते. म्हणून थंडीच्या लाटेचा अंदाज आला की आदल्या दिवशी सकाळी बेटाला पाणी द्यावे, पहाटे पुन्हा. पाचटाचे कोरडे आच्छादन मात्र दुधारी: ते कंदाला जपते, पण मातीची ऊब पानांपर्यंत जाऊ देत नाही. मोठ्या बेटाला आच्छादन ठेवावे, कारण बांबू गवत आहे आणि त्याची पुंजी जमिनीखालच्या कंदात असते. पहिल्या वर्षाच्या रोपांवर काठ्या रोवून गोणपाट टाकावे आणि सकाळी काढावे.

थंड हवा जड असते, ती उताराने ओहोळाकडे वाहते. द्राक्षबागेच्या खालच्या बांधावर वारा अडवायला बांबूची दाट रांग लावली तर हा प्रवाह तुंबतो, आणि बाग व बांबू दोन्ही त्यात उभे राहतात. खालच्या बाजूला रांगेत मोकळी वाट ठेवा.

जातीचेही बघावे. चीन-जपानातला मोसो बांबू उणे 15 अंशांच्या आसपासची थंडी सोसतो. आपला मानवेल किंवा बालकोवा उष्ण प्रदेशातला. ‘कुठल्याही हवामानात तगतो’ असे सांगून रोपे विकणाऱ्याला, कोणती जात आणि किती अंशांपर्यंत, एवढे दोनच प्रश्न विचारा. सगळ्यात नाजूक असतात ते पावसाळ्याच्या शेवटी फुटलेले कोंब. थंडी येईपर्यंत त्यांच्या पेरांना काष्ठपणा आलेला नसतो. सप्टेंबरनंतर युरिया ओतला तर असे कोवळे कोंब आणखी येतात.

फेब्रुवारीत पाने पिवळी पडली म्हणून बेट तोडू नका. मानवेल कोरड्या दिवसांत एरवीही पाने गाळतो. करपलेले शेंडे तसेच राहू द्यावेत, आणि कंद जिवंत आहे की नाही हे जून-जुलैच्या नव्या कोंबांवरून ठरवावे.