क्रूझ जहाजांची बांधणी आणि बारसे : एक पार्श्वभूमी

मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले आणि ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळ या बाजूच्या कुटुंबांच्या सुट्टीच्या बेतांत रेल्वे आणि बसच्या जोडीला क्रूझचेही नाव येऊ लागले. या जहाजांच्या जाहिरातींत मजले, तरणतलाव आणि खाद्यगृहे यांची मोजदाद असते. पण असे जहाज या आकाराला कसे आले, ते कसे बांधतात आणि पाण्यात सोडताना त्याचे बारसे का करतात, हे फारसे सांगितले जात नाही. या टिपणात तीच मागची हकिकत मांडली आहे.

समुद्रपर्यटनाची सुरुवात एका व्यापारी अडचणीतून झाली. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीची मोठी जहाजे हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या वादळी पाण्यात निम्मी रिकामी जात, म्हणून कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज हौशी प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठवले. सफर यशस्वी झाली, पण दोन खंडांमधील धावपळीसाठी बांधलेले जहाज मौजेसाठी गैरसोयीचे असते हेही तेव्हाच कळून आले. त्यातून बालिन यांनी केवळ पर्यटनासाठी नवे जहाज बांधून घेतले. जर्मन सम्राटाच्या कन्येच्या नावाचे ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ हे जहाज हॅम्बुर्गच्या ब्लोम अँड फॉस गोदीत १९०० साली पाण्यात उतरले. त्यात मालाची कोठारे नव्हती आणि खोल्या सगळ्या पहिल्या वर्गाच्या होत्या. डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढून ते निकामी झाले. जहाज हे कुठेतरी पोहोचण्याचे साधन नसून तेच मुक्कामाचे ठिकाण आहे, ही कल्पना मात्र त्याने रुजवली.

ती फोफावली विमानांमुळे. ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन अ‍ॅमची बोइंग ७०७ विमाने न्यूयॉर्कहून युरोपला जाऊ लागली आणि पाच-सहा दिवसांचा समुद्रप्रवास काही तासांवर आला. जुनी प्रवासी जहाजे पर्यटनाला जुंपण्याचे प्रयत्न झाले, पण ती थंड हवेसाठी बंदिस्त बांधलेली होती, प्रवाशांना वर्गांनुसार वेगळे ठेवणारी होती आणि पाण्यात इतकी खोल बसत की कॅरिबियनमधील कित्येक उथळ बंदरांत त्यांना शिरता येत नसे. उन्हात बसायला मोकळे डेक असलेले, कमी खोल पाण्यात चालणारे जहाज मुळापासून नव्याने आखावे लागणार होते. १९७० साली हेलसिंकीहून निघालेले ‘सॉन्ग ऑफ नॉर्वे’ हे अशा आखणीचे ठळक उदाहरण होय. धुराड्याभोवती उंचावर बसवलेला काचेचा दिवाणखाना ही त्याची खूण ठरली. १९७८ साली याच जहाजाला पुन्हा हेलसिंकीला नेऊन मधोमध कापण्यात आले, दोन्ही भाग बाजूला सरकवून त्यांच्यामध्ये सुमारे २६ मीटर लांबीचा नवा तुकडा घातला गेला आणि सगळे पुन्हा सांधण्यात आले. चालते जहाज कापून लांब करणे शक्य झाले, कारण पोलादी जहाज म्हणजे एकमेकांना जोडलेले कप्पे ही दृष्टी गोद्यांमध्ये तोवर पक्की झाली होती. पुढची सगळी बांधणी त्याच दृष्टीवर उभी आहे.

आज गोदीत जहाज तळापासून वर असे सलग उभे राहत नाही. आधी पोलादी पत्रे कापून त्यांचे काही शे टन वजनाचे ठोकळे तयार करतात. नळ, तारा आणि हवेचे मार्ग त्या ठोकळ्यांतच बसवतात. मग अवजड क्रेनने ते कोरड्या गोदीत एकावर एक रचून जोडतात. प्रवाशांच्या खोल्या बहुधा वेगळ्या कारखान्यात पूर्ण होतात आणि खाटा, दिवे, स्नानगृह यांसह सांगाड्याच्या उघड्या बाजूतून काडेपेटीच्या खणासारख्या आत सरकवल्या जातात. बांधणी पुरी झाली की गोदीत पाणी सोडतात आणि जहाज जागच्या जागी तरंगू लागते. उतारावरून घसरत, लाटा उडवत पाण्यात जाणारे जहाज हे जुने दृश्य क्रूझच्या बाबतीत आता जवळजवळ संपले आहे. जर्मनीतील पापेनबुर्गची मायर गोदी तर समुद्रापासून दूर, आतल्या भागात आहे. तिथली प्रचंड जहाजे एम्स नदीतून, बहुतेक वेळा उलट्या तोंडाने, समुद्राकडे नेली जातात आणि ते पाहायला काठावर लोक जमतात. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीचा अंदाज घेत होडी काढणाऱ्यांना या कामातले कौशल्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आकाराबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बातम्यांत येणारे ‘ग्रॉस टनेज’ हे जहाजाचे वजन नसून त्याच्या बंदिस्त जागेचे, म्हणजे घनफळाचे माप आहे. १९१२ च्या ‘टायटॅनिक’चे हे माप ४६ हजारांच्या आसपास होते, १९८८ च्या ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’चे सुमारे ७३ हजार, २००९ च्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’चे २ लाख २५ हजारांवर, आणि फिनलंडच्या तुर्कू गोदीत बांधलेल्या, जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे जवळजवळ २ लाख ४९ हजार. एवढी उंच इमारत कलंडू नये म्हणून यंत्रे आणि टाक्या तळाशी ठेवतात आणि वरच्या भागात जिथे शक्य आहे तिथे पोलादाऐवजी हलके अ‍ॅल्युमिनियम वापरतात. ‘ओअ‍ॅसिस’ फिनलंडहून निघाले तेव्हा डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून जाण्यासाठी त्याची धुराडी आत ओढून घ्यावी लागली आणि तरीही वर जेमतेम अर्धा मीटर जागा उरली.

आखणीतले दोन बदल प्रवाशाला थेट जाणवतात. १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’मध्ये सगळ्या खोल्या समुद्राच्या बाजूला आणल्या गेल्या आणि खासगी सज्जा ही चैन न राहता अपेक्षा बनू लागली. १९९८ च्या ‘एलेशन’वर जहाज पुढे ढकलणारा पंखा आणि त्याची विजेची मोटर शेंगेच्या आकाराच्या एकाच फिरत्या पेटीत बसवून ती जहाजाखाली लटकवण्यात आली, ही शेंग कोणत्याही दिशेला वळत असल्याने वेगळ्या सुकाणूची गरज उरली नाही आणि जहाज अरुंद बंदरात जागच्या जागी वळू लागले. सुरक्षिततेचे नियम मात्र दुर्घटनांच्या मागून आले. ‘टायटॅनिक’नंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १ जुलै २०१० पासून बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना, ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली किंवा पाणी शिरले तरी स्वतःच्या बळावर बंदरात परतता आले पाहिजे, अशी अट आहे. माझ्या मते एवढ्या माणसांना समुद्रावर नेण्याचा नैतिक आधार हाच आहे, आणि जाहिरातींत त्याला जागा मिळायला हवी.

आता बारसे. पहिला ठोकळा गोदीत उतरवताना त्याखाली नाणे ठेवण्याची प्रथा क्रूझ जहाजांतही पाळली जाते. तिची मुळे फार जुनी आहेत. लंडनमध्ये टेम्सच्या गाळात १९६२ साली सापडलेल्या रोमन काळच्या जहाजात डोलकाठीच्या खाचेत सम्राट डोमिशियनचे नाणे होते. आपल्याकडे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधणी होई तेव्हा चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी असे. याच गोदीतून १८१७ साली उतरलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे. इंग्रजांत पूर्वी मौल्यवान पेल्यातून मद्य पिऊन पेला समुद्रात फेकत. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा खर्च नकोसा झाला आणि त्या जागी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, बाटली फोडण्याची चाल आली. जहाजाला ‘धर्ममाता’, म्हणजे त्याचे नामकरण करणारी मानाची स्त्री, नेमण्याची रीत आजही आहे: ‘रॉयल प्रिन्सेस’साठी राजकन्या डायना होत्या, इटालियन अभिनेत्री सोफिया लॉरेन यांनी एमएससी कंपनीच्या अनेक जहाजांचे नामकरण केले. ‘आयकॉन’च्या वेळी मात्र हा मान फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी यांना मिळाला. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यात नवी होडी पाण्यात ढकलण्याआधी नाळेला हळदकुंकू लावून नारळ फोडतात, हार घालतात आणि नाव रंगवलेल्या फळीला हात लावून नमस्कार करतात. बाटली आणि नारळ यांच्या मागची भावना एकच आहे.

नावांवरून जहाज कोणासाठी आहे हेही कळते. क्युनार्ड कंपनीची जुनी नावे ‘-इया’ने संपत, व्हाइट स्टारची ‘-इक’ने, आताच्या कंपन्या एकच शेपूट सगळ्या जहाजांना लावतात, जेणेकरून नाव ऐकताच कंपनी ओळखू यावी. कोकणच्या आगबोटींची रीत याहून निराळी होती. ‘रामदास’, ‘तुकाराम’, ‘रोहिदास’ ही नावे संतांची होती, कारण भाऊच्या धक्क्यावरून बोटीत पाय ठेवणाऱ्या चाकरमान्याला ती आपली वाटत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली आणि ते नाव कित्येक घरांत दुखरी आठवण होऊन राहिले. सिंधिया कंपनीने आपल्या जहाजांच्या नावांत ‘जल’ हा शब्द गुंफला. विशाखापट्टणमला बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. नेरुळजवळच्या करावे येथील नौकानयन प्रशिक्षणसंस्था जमिनीवर असूनही ‘ट्रेनिंग शिप चाणक्य’ म्हणूनच ओळखली जाते, कारण तिच्या आधीची ‘डफरिन’ आणि ‘राजेंद्र’ ही खरोखरीची जहाजे होती आणि नावासोबत जहाजाचा मानही पुढे आला.

मुंबईहून गोव्याकडे जाणारी ‘आंग्रिया’ ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या नावाने कान्होजी आंग्रे यांची आठवण त्यांच्याच पाण्यात परत आली, पण ते जहाज जपानमध्ये बांधलेले होते. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीने चालवलेले ‘एम्प्रेस’ हेही १९९० साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून जन्माला आले आणि मालकांबरोबर त्याचे नाव अनेकदा बदलले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले असले, तरी टर्मिनलांइतकेच लक्ष गोद्यांकडे जावे असे मला मनापासून वाटते. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीकाठी आरमाराची बांधणी सुरू केली आणि त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. १६५९ साली पोर्तुगिजांनी दबाव आणून त्यांना काम सोडायला लावले, तरी बांधणी थांबली नाही. गलबते त्यानंतरही उतरत राहिली.