खिडकी, ऊन आणि पाच किलो तांदूळ

मुंबईत गोवंडीतल्या एखाद्या पुनर्वसन इमारतीत भर दुपारी शिरलात, तरी तळमजल्याच्या खोलीत ट्यूबलाइट लागलेली दिसते. खिडकीसमोर जेमतेम तीन मीटरवर दुसऱ्या इमारतीची भिंत. मधल्या बोळात कचरा साचलेला, म्हणून खिडकी बहुधा बंदच. दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. अशा खोलीत क्षयरोगी खोकला की त्याच्या तुषारांतले जिवाणू तासन् तास हवेत तरंगत राहतात. वारा खेळता असता तर ते बाहेर गेले असते, ऊन आलं असतं तर त्यातल्या अतिनील किरणांनी मेले असते.

इथलं नटवर पारेख कंपाउंड आणि शेजारच्या मानखुर्दमधलं लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींची पाहणी झाली. २०१८ साली समोर आलेला तिचा निष्कर्ष सरळ होता: जिथे उजेड आणि वारा कमी, त्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त.

मुंबईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. १८९६मध्ये मांडवीत प्लेग फुटला, १८९८मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. अर्थ एवढाच, की समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. त्या हिशेबाने तीन मीटर अंतरात फार तर दोन मजले बसतात. नटवर पारेखमध्ये सात मजले चढवले गेले. गरिबांना घर देताना शंभर वर्षांपूर्वीचं शहाणपण बाजूला ठेवलं गेलं, याचा मला राग येतो.

पण जिवाणू छातीत गेला म्हणजे आजार झालाच असं नाही. लागण झालेल्या बहुतेकांना आयुष्यभर टीबी होत नाही. फुप्फुसातल्या संरक्षक पेशी जिवाणूभोवती कडं करून त्याला कोंडून ठेवतात. हे कडं टिकवायला शरीराला प्रथिनं आणि ऊर्जा लागते. उपासमारीत ते ढिलं पडतं आणि कोंडलेला जिवाणू सुटतो.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने हेच तपासलं. रुग्णांना तर शिधा दिलाच, पण निम्म्या कुटुंबांत घरातल्या इतरांनाही माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दहा हजारांवर माणसांच्या या अभ्यासाचे निकाल २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. लस नाही, नवं औषध नाही. रोजच्या ताटातला भात-डाळ!

टीबीच्या रुग्णाची माहिती घेताना खोकला किती दिवस आहे, वजन किती, हे विचारतात. मजला कितवा, खिडकी उघडते का आणि घरात डाळ किती दिवस पुरते, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं, असं मला फार वाटतं.