पाळीव बेडूक व भेक यांच्यासाठी काचपेटी: पात्रता, कागदपत्रे, नोंदणी आणि पेटीची तयारी

ज्यांना घरी काचेच्या पेटीत झाडे लावून त्यात बेडूक किंवा भेक (खरखरीत कातडीचा, जमिनीवर राहणारा टोड) पाळायचा आहे, त्यांनी पेटी विकत घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. प्राणी नेमका कोणत्या जातीचा आहे ही पहिली, आणि तो आपल्याकडे कोठून येणार आहे ही दुसरी. नोंदणी लागेल की नाही, कोणते कागद जोडायचे, इतकेच नव्हे तर पेटीत माती किती जाड घालायची हेसुद्धा या दोन उत्तरांवरच ठरते. आमच्याकडे तालुक्याच्या गावी अर्ज भरून घ्यायला येणारे बहुतेक जण पेटी आधी घेतात, प्राणी नंतर आणतात आणि कागदांची आठवण त्यांना सर्वांत शेवटी होते. हा क्रम उलटा करावा.

गावातला बेडूक पाळता येईल का?

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की शेततळ्यात आणि विहिरीच्या काठावर हळदीसारखे पिवळेजर्द नर बेडूक दिसू लागतात, त्यांच्या गळ्याशी निळ्या पिशव्या फुगतात आणि रात्रभर डराव डराव चालते. लेकरे तो बेडूक बादलीत घालून घरी आणतात. हा भारतीय बुलफ्रॉग होय. परदेशात बेडकांच्या तंगड्या पाठविण्यासाठी त्याची इतकी पकड झाली की 1985 मध्ये त्याचा समावेश वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये झाला आणि 1987 मध्ये भारताने ती निर्यातच बंद केली.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ मारणे असा नाही. पकडणे, सापळा लावणे आणि आमिष दाखविणे हेसुद्धा त्यात येते, आणि अनुसूची 1 व 2 मधील प्राण्यांच्या शिकारीला कलम 9 नुसार मनाई आहे. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, सर्वसाधारण उल्लंघनासाठीच्या दंडाची कमाल मर्यादा 25 हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली आहे. त्यामुळे विहिरीतला, धुऱ्यावरचा किंवा नहाणीत आलेला कोणताही बेडूक किंवा भेक धरून पेटीत ठेवू नये, आणि जात ओळखता आली नाही तर तो चालतो असेही गृहीत धरू नये. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत बेडूक काठीला बांधून घरोघर फिरण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. पाऊस मागण्यामागची कळकळ खरी असली तरी उन्हात बांधलेला बेडूक तासाभरात सुकून मरतो, हे मात्र सांगावेसे वाटते. घरात जखमी प्राणी आढळल्यास वन विभागाच्या 1926 या हॅलो फॉरेस्ट क्रमांकावर कळवावे.

नोंदणी कोणाला करावी लागते

2022 च्या दुरुस्तीने अधिनियमात अनुसूची 4 नव्याने आली असून तिच्यात सायटिसच्या परिशिष्टांतील प्राणी आहेत. या अनुसूचीतील जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने कलम 49एम नुसार त्याची माहिती देऊन नोंदणी करणे आवश्यक आहे. त्यासाठीचे जिवंत प्राणी प्रजाती (अहवाल व नोंदणी) नियम, 2024 हे 28 फेब्रुवारी 2024 रोजी आले. आधीपासून ज्यांच्याकडे असे प्राणी होते त्यांना सहा महिने मिळाले होते, ती मुदत संपली आहे. आता प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो.

बेडकांपुरते बोलायचे तर दक्षिण व मध्य अमेरिकेतील रंगीबेरंगी विषारी डार्ट बेडकांच्या अनेक जाती, लाल डोळ्यांचा झाडबेडूक आणि मादागास्करचे मँटेला बेडूक हे परिशिष्ट 2 मध्ये असल्याने त्यांची नोंदणी लागते. याउलट ऑस्ट्रेलियाचा व्हाइट्स झाडबेडूक, मोठ्या तोंडाचा पॅकमॅन बेडूक आणि लाल-काळ्या पोटाचा फायर बेलीड टोड हे सायटिसच्या परिशिष्टांत नाहीत. त्यांना या नियमांखालील नोंदणी लागत नाही, परंतु पावती तरीही जपून ठेवावी, कारण उद्या कोणी विचारले तर प्राणी जंगलातून आणलेला नाही हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो. परिशिष्टांच्या यादीत अधूनमधून बदल होतात, म्हणून खरेदीच्या दिवशी यादी पुन्हा पाहून घ्यावी.

कागदपत्रे

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे खरेदीची पावती. मागील वर्षी एका गृहस्थाने आणलेल्या पावतीवर ‘ग्रीन फ्रॉग, नग 2’ एवढेच लिहिले होते. हिरवे बेडूक जगात शेकड्यांनी आहेत, तेव्हा त्या पावतीवरून काहीच सिद्ध होत नव्हते आणि त्यांना त्या दुकानात दोनदा खेटे घालावे लागले. पावतीवर शास्त्रीय नाव रोमन लिपीत, संख्या, तारीख, विक्रेत्याचे पूर्ण नाव-पत्ता आणि प्राणी बंदिस्त अवस्थेत जन्मलेला असल्याचा उल्लेख मागून घ्यावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना 2018 च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, त्या नोंदणीचा क्रमांकही विचारावा. क्रमांक विचारल्यावर दुकानदार रागावला तर तेथून खरेदी न केलेली बरी. सायटिसमधील जात असल्यास विक्रेत्याच्या स्वतःच्या नोंदणीची प्रत घ्यावी.

याखेरीज ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, चालू मोबाइल क्रमांक व ई-मेल आणि प्राण्याची छायाचित्रे तयार ठेवावीत. छायाचित्र पाठीचे, पोटाचे आणि दोन्ही बाजूंचे काढावे. बेडकाला कुत्र्यासारखा पट्टा नसतो, अंगावरचे ठिपके हीच त्याची खूण. पेटीचीही दोन छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे माहितीची पडताळणी झाली तर अडचण येत नाही.

अर्ज कसा करावा

अर्ज केंद्र शासनाच्या परिवेश 2.0 या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो आणि तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील वनभवनात आहे, म्हणजे विदर्भातल्या माणसाला निदान शंका विचारायला मुंबई गाठावी लागत नाही. आधी स्वतःचे खाते उघडावे, मग अर्जात स्वतःची माहिती, जात, संख्या, ओळखता येत असल्यास नर-मादी, अंदाजे वय आणि प्राणी कसा मिळाला हे भरून कागद जोडावेत. सेवा केंद्रावरून अर्ज भरून घेत असाल तर मोबाइल क्रमांक आणि ई-मेल केंद्रचालकाचा न देता स्वतःचाच द्यावा. त्रुटीचा संदेश त्याच्या मोबाइलवर जाऊन पडला तर मुदत निघून गेल्यावरच आपल्याला कळते. अर्ज क्रमांकाची छापील प्रत पावतीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवावी.

पेटीची तयारी

प्राणी येण्याआधी पेटी किमान तीन-चार आठवडे झाडांसह लावून ठेवावी, म्हणजे मुळे धरतात आणि ओलाव्याचा अंदाज येतो. झाडावर राहणाऱ्या दोन लहान बेडकांसाठी 45 सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच पेटी हा चांगला आरंभ आहे. भेकाला उंचीपेक्षा जमीन जास्त लागते, त्याच्यासाठी 60 बाय 45 सेंटिमीटरचा तळ घ्यावा. झाकण घट्ट बसणाऱ्या बारीक जाळीचे असावे. वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवू नयेत, कारण मोठा भेक लहान बेडकाला गिळतो आणि भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतील विष दुसऱ्याला बाधते.

तळाशी चार-पाच सेंटिमीटर धुतलेली खडी किंवा विटांचे तुकडे, त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा आणि त्यावर धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावे. बेडकांसाठी 6 ते 8 सेंटिमीटर पुरे, पण स्वतःला पुरून घेणाऱ्या भेकासाठी ते 10 ते 15 लागते. शेतातली काळी माती घालू नये. ती ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा. शिवाय पऱ्हाटीवर मारलेल्या औषधाचे आणि रासायनिक खताचे अंश तिच्यात असू शकतात, आणि बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतूनच शोषतो. रोपवाटिकेतून आणलेला मनीप्लांट किंवा नेचा याच कारणाने कुंडीतली माती पूर्ण झाडून, पाने व मुळे धुऊन लावावा.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे अधिक नाजूक आहे. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लिचिंग पावडर असते, म्हणून ते पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात किमान 24 तास उघडे ठेवावे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणी आणि यवतमाळ, चंद्रपूरकडचे फ्लोराइडयुक्त पाणी वापरू नये. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी सोडून पत्र्यावरून नव्हे तर थेट स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी उत्तम, ते झाकून साठवावे. पाण्याची ताटली इतकी उथळ असावी की बेडकाचे नाक बसल्या जागी पाण्यावर राहील.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. बहुतेक पाळीव जातींना 20 ते 27 अंश सेल्सिअस मानवते, आणि आपल्याकडे बाहेर 45 च्या वर जाते. मी पहिली पेटी पूर्वेच्या खिडकीशी ठेवली होती. सकाळी साडेनऊच्या सुमारास काचेवर आतून पाण्याचे थेंब दाटले, बेडूक पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात चिकटून बसला आणि तापमापक 34 दाखवीत होता, तेव्हा पेटी उचलून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेली. बंद काच उन्हात तव्यासारखी तापते. म्हणून पेटी उन्हाची तिरीपही न पडणाऱ्या भिंतीशी, फरशीजवळ, वाळ्याच्या कूलरच्या खोलीत पण झोताच्या थेट समोर न येता ठेवावी, आणि भारनियमनासाठी ओले पोते व गोठविलेल्या पाण्याची बाटली तयार ठेवावी. बाटली पेटीच्या बाहेर, जाळीवर, कापडात गुंडाळून ठेवावी. ज्यांच्या घरी मे महिन्यात दिवसाचे सहा-आठ तास वीज जाते, त्यांनी थंड हवामानाच्या जाती घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

खाद्य म्हणून रातकिडे आणि गांडुळे चालतात, मात्र फवारणी झालेल्या शेतातले किडे आणि काजवे कधीही देऊ नयेत. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळे कडू पिवळा द्रव सोडतात, त्यामुळे अनेक बेडूक ती तोंडात घेऊन थुंकतात. साधी मातीतली गांडुळे बरी. किड्यांना आठवड्यातून दोनदा कॅल्शियमची भुकटी लावावी. हाताळणी टाळावी, आणि हात लावावाच लागला तर तो स्वच्छ व ओला असावा, नंतर साबणाने धुवावा. भेकाला हात लावलेल्या मुलांनी डोळे चोळू नयेत.

नोंदणीनंतर

नोंदणीकृत प्राणी दुसऱ्याला दिल्यास, त्याला पिल्ले झाल्यास किंवा तो दगावल्यास तीही माहिती परिवेशवरच विहित नमुन्यात व मुदतीत द्यावी लागते. बेडकाची मादी जातीनुसार एका वेळी मोजक्या अंड्यांपासून शेकडो अंड्यांपर्यंत घालते, त्यामुळे नोंदणीच्या जातीत नर-मादी एकत्र ठेवणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. कंटाळा आला म्हणून परदेशी बेडूक नाल्यात किंवा शेततळ्यात सोडू नये. केवळ तो प्राणीच नव्हे तर पेटीतले पाणी आणि कोकोपीटसुद्धा उघड्यावर टाकू नये, कारण कायट्रिड नावाची बुरशी त्यातून गावच्या बेडकांत पसरू शकते. पाणी उकळून, आणि कोकोपीट कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकावे. प्राणी सांभाळणे शक्य नसल्यास तो नोंदणी असलेल्या दुसऱ्या पाळकाकडे द्यावा आणि हस्तांतरणाची नोंद करावी.