मिशनकार्यातील सौरऊर्जा

विजेची तार न पोचलेल्या मुलखात ख्रिस्ती मिशनचे दवाखाने, शाळा, रेडिओ आणि बायबल-भाषांतराचे काम चालवण्यासाठी होणारा सौर विजेचा वापर. पापुआ न्यू गिनीचे डोंगर, हैतीची खेडी, मध्य आफ्रिकेची जंगले ही त्याची नेहमीची ठिकाणे.

विजेची अडचण मिशनांना पहिल्यापासूनच होती. एक्वादोरमधील क्विटो येथे 1931 साली सुरू झालेल्या एच.सी.जे.बी. या मिशनरी रेडिओ केंद्राने पुढे आपल्या प्रक्षेपकांसाठी स्वतःचा जलविद्युत प्रकल्पच उभारला. जॉय रिडरहॉफ यांनी 1939 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेल्या गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज या संस्थेने उलटी वाट धरली. तिने पुठ्ठ्याची घडी घालून एक ग्रामोफोन केला. त्यावरची तबकडी हातानेच फिरवायची. ना वीज, ना चावी. सिलिकॉनचा व्यवहार्य सौर घट 1954 मध्ये बेल लॅबोरेटरीजने दाखवला खरा, पण तो मिशनच्या छपरावर चढायला पॅनेल स्वस्त होण्याची वाट पाहावी लागली.

पापुआ न्यू गिनीत 800 हून अधिक भाषा बोलल्या जातात. तिथे 1956 पासून काम करणाऱ्या एस.आय.एल. या भाषाविषयक ख्रिस्ती संस्थेचे बायबल-भाषांतरकार अनेकदा रस्ता नसलेल्या गावात राहतात. अशा ठिकाणी डिझेलचा डबासुद्धा छोट्या विमानातून, वजन मोजून आणावा लागतो. 100 वॅटचे एक पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण 400 वॅट-तास वीज देते. गळती वजा जाता लॅपटॉप पाच तास आणि दोन एल.ई.डी. दिवे रात्री झोपेपर्यंत चालतात. फ्रीज मात्र त्यावर चालत नाही, आणि नव्याने आलेल्या माणसाचा हिशेब बहुधा इथेच चुकतो.

या व्यवस्थेची खरी दुखरी जागा म्हणजे बॅटरी. पॅनेल 20–25 वर्षे टिकते. लेड-ॲसिड बॅटरी मात्र निम्म्याखाली वारंवार उतरवली, तर दोन-तीन वर्षांत बसते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे लागते, ओढ्याचे पाणी चालत नाही. पावसाची झड लागली की चार्जिंग अर्धवट राहते, आणि नेमक्या त्याच दिवसांत दिव्यांची गरज जास्त असते. अलीकडे लिथियम बॅटऱ्यांमुळे हा जाच कमी झाला आहे.

लसींच्या बाबतीत तर बॅटरीच काढून टाकण्याचा मार्ग निघाला. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. पूर्वी त्यासाठी केरोसीनवरचे फ्रीज असत. वात काजळली की तापमान बिघडे. आता काही सौर फ्रीज पॅनेलला थेट जोडलेले असतात. दिवसा आत बर्फ गोठतो आणि रात्री तोच गारवा पुरवतो.

प्रत्यक्ष धर्मप्रसाराची साधने याहून लहान आहेत. कॅनडातील गॅलकॉम ही 1989 मध्ये स्थापन झालेली संस्था सौर घटावर चालणारे रेडिओ वाटते. त्यांवर ठरवून दिलेलेच केंद्र लागते, कारण स्टेशन बदलायची सोयच नसते. ऐकणाऱ्याला निवड न ठेवणारे हे यंत्र देणगी कमी आणि ध्वनिक्षेपक जास्त वाटते. मात्र लिहिता-वाचता न येणाऱ्यापर्यंत त्याच्याच बोलीतला मजकूर असा पोचतो, हेही तितकेच खरे. फेथ कम्स बाय हिअरिंग या संस्थेच्या ‘प्रोक्लेमर’ या श्राव्य-बायबल यंत्राला पॅनेलसोबत हाताने फिरवायचा दांडाही असतो. ढगाळ दिवशी तोच कामाला येतो.

अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चचा ‘सोलर अंडर द सन’ हा उपक्रम स्वयंसेवकांना आधी शिकवतो आणि मग पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेला सौर वीज जोडून देतो. हे स्वयंसेवक परतल्यावर, बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरवरचा लाल दिवा कशाचा, हे गावातल्या कुणालातरी कळावे लागते. ज्या घरात हा जाणता माणूस राहतो, तिथे संध्याकाळी मोबाईल चार्जिंगला लावायला गावाची रीघ लागते.