एलपीए आणि एसवनपी: रेणू कुठे तयार होतो ते आधी पाहा

लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड (एलपीए) आणि स्फिंगोसिन-१-फॉस्फेट (एसवनपी) या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या दोन लिपिड रेणूंना एकाच आकृतीत बसवायची सवय नोट्सपासून सेमिनारच्या स्लाइडपर्यंत सगळीकडे दिसते. दोघांसाठी पेशीतून बाहेर जाणारा एकच बाण, आणि पुढे ‘ईडीजी रिसेप्टर’ (निरोप पकडणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांचं जुनं नाव). एलपीएसाठी तो बाण साफ चुकीचा आहे, आणि त्यामुळे पुढची औषधांची चर्चाही घसरते.

एसवनपी बहुतेकांना त्याच्या रिसेप्टरांवर काम करणाऱ्या फिंगोलिमोड या औषधामुळे ठाऊक असतो: २०१० साली अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्यता, त्यामुळे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) लसिकाग्रंथींतच अडकून राहतात. त्यावर अधिक लिहीत नाही.

किरकोळ फरक एवढेच. एकाचा कणा ग्लिसरॉलचा, दुसऱ्याचा स्फिंगोसिनचा. एलपीएचे रिसेप्टर सहा, एसवनपीचे पाच, सगळे जी-प्रोटीनला जोडलेले. एलपीए१ ते ३ हे एसवनपी रिसेप्टरांचे नातलग, तर एलपीए४ ते ६ पी२वाय या वेगळ्या रिसेप्टर-कुळाच्या जवळचे. ईडीजी-१ म्हणजे एसवनपी१ आणि ईडीजी-२ म्हणजे एलपीए१, अशी जुनी नावं आता कायमची सोडून द्यावीत.

खरा फरक जागेचा आहे. एसवनपी पेशीच्या आत तयार होतो. स्फिंगोसिन कायनेज ही एन्झाइमं तो बनवतात, आणि बाहेर पडायला त्याला वाहक लागतो: रक्तवाहिन्यांच्या अस्तरात एसपीएनएस२, तांबड्या पेशींत एमएफएसडी२बी. ऊतींमध्ये लायेज हे एन्झाइम त्याला तोडत राहतं, म्हणून रक्तात आणि लसिकेत तो जास्त, ऊतीत कमी. प्रमाणातला हा उतार ओळखूनच लिम्फोसाइट लसिकाग्रंथींतून बाहेर पडतात.

एलपीएचं उलट आहे. रिसेप्टरांना मिळणारा एलपीए मुख्यतः पेशीच्या बाहेर बनतो. रक्तद्रवात लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन भरपूर असतं. पेशींनी स्रवलेलं ऑटोटॅक्सिन हे एन्झाइम त्यातलं कोलीन कापतं, की झाला एलपीए. ते इंटिग्रिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला धरून पेशीवर बसू शकतं, म्हणजे रेणू रिसेप्टरच्या शेजारीच जन्मतो आणि फॉस्फेटेज एन्झाइमं त्याला काही मिनिटांत संपवतात. पेशीच्या आतही एलपीए असतो, पण तो चरबी आणि पटलाचे लिपिड बनवण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे. तो मार्ग सिग्नलचा उगम म्हणून दाखवला की गोंधळ पक्का होतो.

म्हणूनच सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातला) एलपीएचा आकडा ‘रुग्णाच्या रक्तातला एलपीए’ म्हणून छापलेला पाहिला की चिडायला होतं. रक्त गोठताना प्लेटलेट कच्चा माल पुरवतात, ऑटोटॅक्सिन काम करतच राहतं आणि पातळी कितीतरी वाढते. न गोठलेल्या रक्ताचा द्रव, म्हणजे प्लाझ्माच घ्यावा, तोही थंड ठेवून, लगेच वेगळा करून.

आता औषधं. एलपीए१ नसलेल्या उंदरांना ब्लिओमायसिन या औषधामुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या फायब्रोसिसपासून (ऊती कडक, व्रणासारखी होण्यापासून) बरंच संरक्षण मिळतं, हे २००८ साली दिसलं. तिथून दोन वाटा निघाल्या. पहिली ऑटोटॅक्सिनच रोखण्याची: झिरिटॅक्सेस्टॅट या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या २०२१ मध्ये थांबवाव्या लागल्या, आणि लगेच ‘एलपीएची वाट बंद झाली’ असं म्हटलं जाऊ लागलं. हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. एन्झाइम रोखलं की त्याच्या एलपीएवर चालणारे सगळेच रिसेप्टर उपाशी राहतात. दुसऱ्या वाटेवरचं ॲडमिलपॅरंट हे औषध फक्त एलपीए१ अडवतं, बाकीचे पाच चालू राहतात. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस (कारण न कळलेला फुप्फुसाचा फायब्रोसिस) मधल्या त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २६ आठवड्यांत ६० मिग्रॅ मात्रेवर फुप्फुसक्षमतेची घसरण मंदावली. पुढचा निर्णय तिसरा टप्पाच देईल.

शिवाय ऑटोटॅक्सिन हा एलपीएचा एकमेव उगम नाही. केसांच्या मुळाशी लायपेज एच हे दुसरंच एन्झाइम फॉस्फॅटिडिक ॲसिडपासून तो बनवतं आणि एलपीए६ला पुरवतं. लायपेज एच किंवा एलपीए६ यांपैकी कुठल्याही जनुकात बिघाड झाला तरी लहानपणापासून केस लोकरीसारखे आणि विरळ होतात.